कपाटे उघडा, 'साभार पोच' पुन्हा छापा

महोदय,

'मराठीत हल्ली वाचण्यासारखे कोणी लिहीतच नाही', ही तक्रार वाचनालयाच्या काउंटरवर नेमाने ऐकू येते. तक्रार करणारा बहुधा एका ठरलेल्या लेखकाचे पुस्तक परत करून त्याच लेखकाचे दुसरे मागत असतो. सगळा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. दुकानाच्या दर्शनी टेबलावर तीच पंधरा-वीस नावे, रविवारच्या पुरवण्यांत एकाच कादंबरीवर चार-चार परीक्षणे, आणि वाचनालयात तर पुस्तकाला हात लावायचीच चोरी. अनोळखी लेखक भेटणार कुठे? यात वाचनालये, वाचक आणि ('साभार पोच' हे आलेल्या पुस्तकांच्या यादीचे सदर पुन्हा छापून) आपले वृत्तपत्र या तिघांनाही करता येण्याजोगे बरेच आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी वाचनालयांचे. मुंबईतल्या बऱ्याच जुन्या वाचनालयांत अजून बंद कपाटांची पद्धत आहे. यादी चाळायची, चिठ्ठीवर दाखल क्रमांक लिहायचा, कर्मचारी आतून पुस्तक आणून देणार. ज्याचे नाव आधीपासून ठाऊक आहे तेच पुस्तक या पद्धतीत मागता येते. शेजारच्या पुस्तकावर नजर पडण्याची वेळच येत नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला तिसरा 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' असा आहे आणि तो पाळायचा तर मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक निवडायची मुभा, हवी, असे त्यांचे म्हणणे होते. पुस्तके चोरीला जातात, पाने फाडली जातात, चुकीच्या जागी खोचली जातात, ही व्यवस्थापनाची भीती खोटी नाही. चुकीच्या जागी खोचलेले पुस्तक हरवल्यातच जमा. शिवाय जागेची मारामार अशी, की दोन कपाटांच्या मधून माणूस आडवा होऊनच जाऊ शकतो. पण सगळी कपाटे उघडता येत नसतील तर एक तरी उघडा.

ते कपाट काउंटरच्या नजरेसमोर हवे आणि त्यात शंभर ते सव्वाशे पुस्तके पुरेत. निवड कशी करायची? पुस्तकाच्या शेवटी परतीच्या तारखांची चिठ्ठी असते. तिच्यावरचा शेवटचा शिक्का तीन वर्षांपूर्वीचा असेल आणि बांधणी धड असेल, तर पुस्तक बाहेर काढायचे. संगणकावर नोंदी असतील तर 'इतक्या काळात न गेलेली पुस्तके' ही यादी काही मिनिटांत निघते. महिन्याने सगळी पुस्तके आत, नवी बाहेर. हा प्रयोग फसतो तो ठरावीक कारणांनी. कपाटात पिवळी पडलेली, मणका उसवलेली पुस्तके भरली की लोक त्याला रद्दी समजतात. 'दुर्लक्षित पुस्तके' अशी पाटी लावली तर कोणी फिरकत नाही. माणसाला दुर्लक्षित काही घरी न्यायला आवडत नाही. आणि पुस्तके लेखकाच्या नावाप्रमाणे लावली तर वाचक पुन्हा ओळखीच्या नावाकडेच जातो, म्हणून इथे ती मुद्दाम सरमिसळ ठेवावीत. प्रत्येक पुस्तकात एक कागदाची पट्टी घालावी: प्रकार कोणता, पाने किती, गोष्ट कुठे घडते. 'कादंबरी, 140 पाने, चंद्रपूरकडचे जंगल' एवढे वाचून माणूस पुस्तक उघडतो. 'एक उत्कट अनुभव' वाचून उघडत नाही. मलपृष्ठावर तेच छापलेले असते आणि ते सगळ्याच पुस्तकांवर असते.

आता वाचकाने काय करावे. बंद कपाट असले तरी यादी उघडी असते, आणि यादी वाचायची कला जवळपास विसरली गेली आहे. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक 891.46, पुढे 1 आला तर कविता, 2 आला तर नाटक, 3 आला तर कथा-कादंबरी, 4 आला तर निबंध. म्हणजे कादंबऱ्याच वाचणारा माणूस वर्षानुवर्षे 891.463 या एकाच फळीवर उभा असतो. काटेकोर ड्युईप्रमाणे अनुवाद मूळ भाषेच्या वर्गात बसतो: कानडीतून आलेली कादंबरी 894.8143 ला, बंगालीतली 891.443 ला. पण पुष्कळ वाचनालये अनुवादांचे वेगळे कपाट करतात, काही ठिकाणी ते मराठी कादंबऱ्यांतच मिसळलेले असतात. पुस्तक नाही असे उत्तर मिळाले तर दोन्ही-तिन्ही ठिकाणी पाहायला सांगावे. मुंबईबाहेरच्या किंवा परदेशी ग्रंथसूचीत रोमन लिपीतून शोधताना आणखी एक अडचण येते. तिथे मराठी नावातला प्रत्येक अ लिहितात, उच्चारात नसलेलासुद्धा. 'गाडगीळ' शोधायचे तर ड आणि ळ यांच्यानंतरही रोमन 'ए' टाकावा लागतो, नाहीतर पडद्यावर शून्य निकाल येतो आणि वाचक समजतो की पुस्तकच अस्तित्वात नाही.

टोपणनावांमुळे तर निम्मा लेखक हरवतो. आरती प्रभू यांच्या कवितेवर लुब्ध असलेल्याला चिं. त्र्यं. खानोलकर हे कादंबरीकार म्हणजे तीच व्यक्ती हे ठाऊक नसेल, तर कवितेच्या फळीवरून कादंबरीच्या फळीपर्यंत तो पोचणारच नाही. विभावरी शिरूरकर या नावाने 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' आले. मालतीबाई बेडेकर हे त्याच लेखिकेचे नाव आणि माहेरचे बाळूताई खरे. तीन नावे, यादीत तीन जागा. चांगल्या यादीत एका नावाखाली 'हेही पाहा' अशी दुसऱ्याकडे बोट दाखवणारी नोंद असते. संगणकीकरणात ज्या कामांना आधी कात्री लागली त्यातले हे एक.

अनोळखी लेखकांपर्यंत पोचायचा सर्वांत भरवशाचा वाटाड्या मात्र अनुवादक आहे, आणि त्याचे नाव लक्षात ठेवायची आपल्याला सवयच नाही. उमा कुलकर्णी यांनी कानडीतून भैरप्पा आणले, शिवराम कारंथ आणले, पूर्णचंद्र तेजस्वी आणले. भैरप्पांच्या मोठ्या, वादविवादाने भरलेल्या कादंबऱ्या, कारंथांचा दक्षिण कन्नड जिल्ह्याचा मुलूख आणि तेजस्वींचे मलनाडातले, म्हणजे कर्नाटकाच्या घाटमाथ्यावरचे, जंगल यांत फारसे साम्य नाही. 'भैरप्पांसारखे आणखी कोण?' असे विचारत बसलेल्याला तेजस्वी कधीच सापडले नसते. अनुवादिकेचा माग काढणाऱ्याला दुसऱ्याच पुस्तकात सापडतात. साहित्य अकादमी 1989 पासून अनुवादासाठीही पुरस्कार देते. त्या यादीतली मराठीची नावे उतरवून घेतली की अनुवादकांची तयार वही हाती येते. अकादमीचे मुख्य पुरस्कार 24 भाषांना मिळतात. पुरस्कार जाहीर झाला की त्या पुस्तकाचा मराठी अनुवाद लगेच मागू नये, तो यायला वर्षे लागतात. त्या लेखकाचे आधीचे काही मराठीत आहे का ते पाहावे. अकादमीचे मुंबईतले कार्यालय दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय मार्गावरच आहे. तिथे 'भारतीय साहित्याचे निर्माते' या मालिकेतल्या पुस्तिका मागाव्यात. एका लेखकावर एक छोटे पुस्तक, आणि शेवटी त्याच्या ग्रंथांची सूची. मोठ्या कादंबरीला हात घालण्यापूर्वी ही पुस्तिका वाचली की कुठून सुरुवात करायची ते कळते. नॅशनल बुक ट्रस्टची 'आदान-प्रदान' मालाही अशीच आहे. तिची जुनी पुस्तके वाचनालयांच्या मागच्या फळ्यांवर हमखास असतात.

अनुवाद घेताना शीर्षकपानाच्या मागचे पान वाचावे, तिथे सगळे कळते. मूळ पुस्तकाचे नाव कोणत्या भाषेत दिले आहे? मल्याळम कादंबरीच्या मराठी पुस्तकात मूळ नाव फक्त इंग्रजीत असेल, तर अनुवाद इंग्रजीवरून झाला असण्याची शक्यता मोठी. असा अनुवाद वाईटच असतो असे नाही, पण पदार्थांची, नात्यांची, शिव्यांची नावे दोनदा गाळून आलेली असतात आणि पुस्तक बेचव लागते. त्याचा राग वाचक मूळ लेखकावर काढतो. त्याच पानावर पहिल्या आवृत्तीचे साल असते. पहिली आवृत्ती हजार प्रतींची ही जुनी रीत होती. आता अनेक प्रकाशक तीनशे-पाचशे प्रतीच काढतात. त्या संपल्या की पुस्तक दुकानात दिसत नाही, वाचनालयातच उरते. हिंदीसाठी तर अनुवादाचीही गरज नाही. लिपी तीच, भाषा कानावरची, तरी मराठी वाचक हिंदी कादंबरीचा मराठी अनुवाद येण्याची वाट पाहतो, हे अजबच आहे.

अनोळखी लेखकाची चव घ्यायला मराठीत दिवाळी अंकासारखी सोय नाही. 1909 साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा आहे. पण अंक वाचायची आपली पद्धत उलटी आहे: अनुक्रमणिकेत आधी ओळखीचे नाव शोधायचे, ते वाचायचे आणि अंक परत. उलट करून पाहावे. अनुक्रमणिकेत अनोळखी नावांपुढे पेन्सिलीने टिंब करावे (अंक स्वतःचा असेल तर, वाचनालयाच्या अंकावर नको) आणि कथा विभागातल्या त्या नावांपासून सुरुवात करावी. कथा आवडली तर वहीत लेखकाचे नाव, अंक, पान असे टिपून ठेवावे. छोट्या गावांतून निघणारे अंक कथेखाली लेखकाचा पत्ता किंवा फोन नंबर पुष्कळदा छापतात. पुस्तक आहे का, कोणी काढले, असे विचारणारा संदेश पाठवला तर बहुतेक लेखक आनंदाने उत्तर देतात. आडगावच्या लेखकाचे पुस्तक मुंबईत मिळण्याचा हा पुष्कळदा एकमेव मार्ग असतो. वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेत पहिले पंधरा-वीस दिवस नावाजलेल्या अंकांसाठी रांग असते. त्या दिवसांत रांगेत न राहता उरलेल्या गठ्ठ्यातला अंक उचलावा. नावाजलेले अंक जानेवारीत आपोआप मोकळे होतात, आणि फेब्रुवारीपर्यंत रद्दीवाल्याकडे तर किलोवर मिळतात.

राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिच्यातून पहिली पुस्तके निघतात. त्यांना जाहिरात नसते, परीक्षण तर दुर्मीळच. वाचनालयात ती येतात आणि तशीच राहतात. सगळीच चांगली असतात असे म्हणण्यात अर्थ नाही. बरीचशी कच्ची असतात. पण पाचातले एक जरी लागले तरी तो लेखक इतरांच्या दहा वर्षे आधी आपल्याला भेटलेला असतो.

नवे पुस्तक हातात आले की ते टाकून देण्याची कारणेही पाहिली पाहिजेत, कारण प्रयोग इथेच मोडतात. पहिले कारण म्हणजे चुकीचे पुस्तक. लेखक नवा आणि सुरुवात त्याच्या सर्वांत जाड, सर्वांत गाजलेल्या कादंबरीपासून. आधी कथासंग्रह किंवा दीडशे पानांच्या आतली कादंबरी घ्यावी. कथासंग्रहातली पहिली कथा संपादकाने मोहरा म्हणून ठेवलेली असते, तेव्हा मधली एक आधी वाचावी, लेखकाचा रोजचा हात तिथे कळतो. दुसरे कारण बोली. मराठवाडा, वऱ्हाड, खानदेश, मालवण इकडच्या लेखकाचे पुस्तक मुंबईकर पाचव्या पानावर मिटतो. बोली फक्त संवादात आहे की निवेदनातही, हे आधी चाळून पाहावे. संवादातच असेल तर तीन-चार पानांत कान बसतो. निवेदनातही असेल तर पहिली दहा पाने घरी मोठ्याने वाचावीत; डोळ्यांना अडणारे शब्द कानाला पुष्कळदा अडत नाहीत. शेवटी शब्दार्थ दिले आहेत का तेही बघावे, अनेक जण पुस्तक संपल्यावर ते पाहतात. तिसरे कारण लोकल. बोरिवली-चर्चगेट किंवा कल्याण-सीएसएमटी हा तासाभराचा प्रवास वाचनासाठी सोन्यासारखा, पण बसायला जागा मिळाली तरच. उभ्याने, एका हाताने कडी धरून नवख्या लेखकाची लांब वाक्ये डोक्यात शिरत नाहीत. मराठी पुस्तकाच्या पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द असतात; बसून तासात तीस पाने होतात, उभ्याने त्याच्या निम्मीही नाहीत आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावी लागतात. उभ्याच्या प्रवासाला ओळखीचा लेखक न्यावा, नवा लेखक घरी ठेवावा.

कवितेचा हिशेब वेगळा. अनोळखी कवीचा संग्रह सलग वाचू नये. पाच कविता आज, त्याच पाच दोन दिवसांनी. दुसऱ्या वाचनात एकही कविता थांबवत नसेल तर संग्रह खुशाल परत करावा. कादंबरीला चाळीस पानांची मुदत द्यावी. मुदत संपल्यावर सोडून देण्यात कमीपणा नाही. अर्धवट पुस्तक उशाशी ठेवून महिनाभर दुसरे काहीच न वाचणे हा खरा तोटा.

वर्गणीत दोन पुस्तके मिळत असतील तर एक नेहमीचे आणि एक अनोळखी, अशी विभागणी सोपी पडते. दोन्ही अनोळखी घेतली आणि दोन्ही फसली की पुढच्या वेळी वाचक पुन्हा जुन्या फळीवर. प्रकार बदलायचा असेल तर कादंबरी वाचणाऱ्याने एकदम वैचारिक ग्रंथाकडे न जाता छापील नाटक घ्यावे. ते दोन-अडीच तासांत संपते.

पुस्तक वाचनालयात नसेल तर मागणी वहीत लिहायचे असते. तिथे नव्वद टक्के नोंदी 'अमुक लेखकाचे नवीन पुस्तक' एवढ्याच असतात, आणि त्यावरून खरेदी होत नाही. पुस्तकाचे पूर्ण नाव, लेखक, अनुवादक, प्रकाशक व त्याचे गाव, साल, किंमत, आणि मिळाला तर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), इतके लिहिले तर खरेदी समितीला शोधाशोध करावी लागत नाही. अनेक वाचनालयांची मोठी खरेदी मार्चअखेरच्या आसपास उरकली जाते आणि घाई झाली की विक्रेता जो गठ्ठा जास्त सवलतीत देईल तो उचलला जातो. मागणी डिसेंबरातच नोंदवावी. दोन-तीन सभासदांनी एकच पुस्तक वेगवेगळे लिहिले तर आणखी बरे.

कुठेच नाही मिळाले, तर टाउन हॉलमधले राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. 1954 च्या कायद्याने भारतातल्या प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांत एक प्रत ज्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते, त्यांत कोलकाता, चेन्नई आणि दिल्लीबरोबर मुंबईचे हे ग्रंथालय येते. सगळेच प्रकाशक कायदा पाळतात असे नाही, पण मुंबईकराच्या दाराशी ही सोय आहे आणि तिची माहिती फार थोड्यांना आहे.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवणीत 'साभार पोच' असे एक लहान सदर असायचे. परीक्षण नाही, मत नाही, फक्त आलेल्या पुस्तकांची यादी. वीस पुस्तकांना जेमतेम अर्धा कॉलम लागतो. परीक्षणासाठी संपादकाला आठवड्याला दोन-तीन पुस्तके निवडावी लागतात आणि ती साहजिकच मोठ्या नावांची असतात. पोचेत मात्र परभणीचा पहिला कवितासंग्रह आणि पुण्याची सातवी आवृत्ती शेजारी छापली जातात. हे सदर पुन्हा सुरू करावे. त्यात पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकार, प्रकाशक व गाव, पाने, किंमत द्यावी. पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकाचे नाव आणि मूळ भाषा यांना कात्री लावू नये. प्रकाशकाचा फोन नंबर देता आला तर उत्तमच, कारण तालुक्याच्या गावातल्या प्रकाशकाचे पुस्तक दादरच्या दुकानात येत नाही, टपालानेच मागवावे लागते. यादी आली की कापून सूचनाफलकावर लावायचे काम वाचनालये करतील.

आपला,
ग्रंथालय कर्मचारी, दादर, मुंबई